घाबरलेल्या पिल्लाला जवळ घ्या

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, कुत्री पाळणाऱ्यांच्या दोन ग्रुपवर आला, आणि शेवटी ज्यांच्या घरी कधी मांजरही नव्हतं अशा माझ्या मावशीने "तुझ्या बुंदीसाठी" म्हणून पाठवला. मेसेज असा:

"पिल्लू घाबरलं की जवळ घेऊ नका, लाड केलेत तर भीती पक्की होते. ज्याची भीती वाटते तिथेच घेऊन जा, दोन दिवसांत सवय होते. गुरगुरलं तर लगेच फटका द्या, पाठीवर पाडून धरा, घरात अल्फा कोण ते कळलं पाहिजे. सगळ्या लसी होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढू नका. आणि स्पॅनियल तर शिकारी जात, बंदुकीलाही घाबरत नाही. तुमचं घाबरत असेल तर तुम्हाला खोटं पिल्लू विकलंय."

बुंदी आमची कॉकर स्पॅनियल, सोनेरी रंगाची, आता सोळा महिन्यांची. गेल्या वर्षी यातल्या दोन सूचना मी अगदी मनापासून पाळल्या आणि त्याचा त्रास तिला झाला. म्हणूनच हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते वाचून लोक पिल्लू परत करायला निघतात. स्पॅनियल शिकारीसाठी घडवलेली जात आहे हे खरं. झुडपात शिरून पक्षी उठवायचा आणि पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, हे तिचं काम. कॉकर हे नावच वुडकॉक या पक्ष्यावरून पडलं. पण शिकारीची स्पॅनियल घडवणारे लोक काय करतात ते बघा. लहान पिल्लाच्या कानाशी ते बंदूक उडवत नाहीत. पिल्लू लांबवर, आपल्या आवडीच्या कामात दंग असताना दूर कुठेतरी एक हलका बार काढतात. पिल्लाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खेळायला लागलं, तरच पुढच्या वेळी थोडं जवळून. हे आठवडेच्या आठवडे चालतं. तिथेही घाई केली की कुत्रं बंदुकीला कायमचं बिचकतं, आणि असं कुत्रं पुन्हा ताळ्यावर आणणं फार अवघड असतं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणजे न घाबरणं हे रक्तातून आयतं मिळत नाही. कमी-जास्त बिचकण्याचा स्वभाव आईबापांकडून येतो, हे मान्य. पण घाबरणारं पिल्लू खोटं नसतं.

आता लसींचा मुद्दा. तो सगळ्यात शहाणा वाटतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करतो.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पाच जातींवर बरीच वर्षं काम केलं. त्या पाचात कॉकर स्पॅनियल होती. त्याच प्रयोगशाळेतला १९६१ सालचा एक प्रयोग वाचताना मला वाईट वाटलं होतं. कॉकर आणि बीगलची पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात आईसोबत वाढवली, खाणं-पिणं मिळेल पण माणूस दिसणार नाही अशी सोय करून. वेगवेगळ्या वयाची पिल्लं आठवडाभरासाठी माणसांत आणली आणि पुन्हा मैदानात सोडली. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानातल्या जनावरासारखी झाली. माणूस दिसला की पळायची, आणि नंतर कितीही माया केली तरी फारशी जवळ आली नाहीत. आई कॉकर, खाणं चांगलं, मार नाही, तरीही.

स्कॉट आणि फुलर यांनी पिल्लाच्या ओळखी होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा धरला. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली येतं, ते पिल्लू "हे जगात असतंच" म्हणून स्वीकारतं. पुढे नवीन गोष्ट दिसली की आधी शंका येते, ओळख नंतर. आता हिशोब करा. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लसींचे डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होतात. म्हणजे "सगळ्या लसी होईपर्यंत" थांबलात तर ते दार बंद झाल्यावर तुम्ही पिल्लाला बाहेर नेता.

पार्व्होची, म्हणजे पिल्लांचा जीव घेणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या रोगाची भीती खरी आहे, तिला मी अजिबात कमी लेखत नाही. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या रस्त्यांवर लस न मिळालेली कुत्री भरपूर आहेत. पण पिल्लाला जमिनीवर सोडणं वेगळं आणि जग दाखवणं वेगळं. अमेरिकेतल्या पशुवैद्यक वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं की पहिली लस आणि पहिलं जंताचं औषध झाल्यावर, सात दिवस जाऊ देऊन, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागी भेटीगाठींना न्यायला हरकत नाही. तीन वर्षांखालची कुत्री दगावण्याचं पहिलं कारण संसर्ग नसून बिघडलेली वागणूक आहे, असंही त्यांनी लिहिलं. अशी कुत्री सोडून दिली जातात, नाहीतर त्यांना मारलं जातं.

बुंदी नऊ आठवड्यांची आली तेव्हा आम्ही तिला पुढचे सात आठवडे घरातच ठेवलं, गॅलरीतसुद्धा नेलं नाही. तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. माझ्या बहिणीने नाशिकला तिचं काळं पिल्लू आणलं तेव्हा मी तिला सांगितलं, खांद्याला झोळी लाव आणि त्यात घालून फिर. शाळा सुटतानाचा गलका, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, भाजीची हातगाडी, उघडलेली छत्री, काठी टेकत जाणारे आजोबा. रोज दोन-तीन गोष्टी, दहा मिनिटं, आणि पिल्लाने मान आत घातली की घरी. अनोळखी माणसांनी उचलायचं नाही, पिल्लाने वास घेतला तर घेतला. लसी झालेलं, शांत स्वभावाचं ओळखीतलं कुत्रं असेल तर त्याच्या घरी जाऊन भेट. यात पार्व्होला जवळजवळ वावच नाही.

"जवळ घेऊ नका, भीती पक्की होते." या वाक्यामागे एक अर्धवट समज आहे. पिल्लू बसलं की खाऊ दिला तर ते पुन्हा बसतं, मग घाबरल्यावर कुरवाळलं तर पुन्हा घाबरेल, असा. पण बसणं ही पिल्लाने केलेली कृती आहे आणि भीती ही त्याला झालेली अवस्था. छाती धडधडते, धाप लागते, लाळ गळते, ते काही बिस्किटासाठी ठरवून केलेलं नसतं. विजा कडाडताना लेकरू आईला बिलगलं आणि आईने पोटाशी धरलं, म्हणून विजांची भीती वाढल्याचं कुणी पाहिलंय? एक मात्र खरं, की आपणच घाबरून "अगं बाई, काय झालं माझ्या बाळाला" असा गोंधळ घातला तर पिल्लू आणखी बावरतं. म्हणून शांत बसायचं, हात छातीवर किंवा पाठीवर स्थिर ठेवायचा, आवाज नेहमीचा ठेवायचा. पिल्लाला मांडीत यायचं नसेल आणि पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ द्यायचं. ओढून काढायचं नाही.

आता ज्या सूचनेने आमचं सगळ्यात जास्त बिघडवलं ती. "ज्याची भीती वाटते तिथेच घेऊन जा."

पुण्यात गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. आमचं घर तिथून पायी सात-आठ मिनिटांवर. बुंदी चार महिन्यांची होती आणि लांबून येणाऱ्या आवाजानेही शेपूट आत घालून सोफ्यामागे बसायची. मी तिला पट्टा लावून सरळ सरावाच्या कडेला नेऊन उभी केली. पहिला ठोका पडला तशी ती जमिनीला चिकटली. तिथेच शू केली. मी "काही नाही, काही नाही" म्हणत पट्टा धरून ठेवला, कारण माघार घ्यायची नाही असंच तेव्हा मीही ऐकलं होतं. तिने मान मागे ओढली, पट्टा डोक्यावरून निसटला आणि ती रस्ता ओलांडून एका उभ्या टेम्पोखाली शिरली. तिला तिथून काढायला चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर महिनाभर ती जिना उतरायला तयार नव्हती, आणि कुकरची शिट्टी, जी तिला आधी चालायची, तीही चालेनाशी झाली. दोन दिवसांत सवय होते म्हणतात ती कधी कधी सवय नसतेच. पिल्लू थकून गोठतं आणि आपल्याला ते शांत झाल्यासारखं दिसतं.

यावरचा उपाय नवा नाही. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि मूल निवांत राहील तेवढाच थोडाथोडा जवळ आणायचा. शेवटी तो मुलगा सशाला हात लावू लागला. आमच्या डॉक्टरांनी मला नेमकं हेच करायला सांगितलं.

नदीकाठच्या रस्त्यावर दिव्याचे खांब आहेत. ढोल अगदी पुसट ऐकू येईल असा खांब आम्ही शोधला, तो अकरावा निघाला. गळपट्टा सोडून छातीचा हार्नेस घातला. पातेल्यात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे डबीत घेतले, आणि हे चिकन फक्त इथेच, घरी नाही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी ढोलाचा आवाज, मग लगेच तुकडा. आवाज थांबला की तुकडे बंद. आधी खाऊ दाखवला तर डबी उघडली की आता काहीतरी भयंकर होणार, असं पिल्लू शिकतं. दहा मिनिटांत घरी परत. नेहमी आनंदाने खाणाऱ्या पिल्लाने तुकडा तोंडात घेतला नाही, किंवा बोटांसकट ओरबाडून घेतला, तर आपण फार जवळ आलोय. त्या दिवशी दोन खांब मागे जायचं.

स्पॅनियलचं ओळखायला थोडं अवघड असतं. बाकीच्या कुत्र्यांचे कान मागे गेलेले लगेच दिसतात, हिचे कायम लोंबतच असतात. म्हणून कानाच्या मुळाकडे बघायला मी शिकले. तिथली कातडी मागे ओढली जाते आणि कपाळ एकदम गुळगुळीत दिसतं. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं, जीभ नाकावरून पटकन फिरते, झोप नसताना जांभई येते, एक पुढचा पाय किंचित उचलला जातो. या खुणा दिसल्या की पळण्याची वेळ येण्याआधीच आपल्याला निघता येतं.

अकराव्या खांबावरून नवव्यावर यायला आम्हाला बारा दिवस लागले. मग विसर्जन आलं, सराव संपला, आणि उरलेलं आम्ही डिसेंबरात लग्नाच्या वरातींवर केलं.

राहिला तो अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या. एकमेकांना अनोळखी लांडग्यांना एकत्र कोंडलं तर ते वर्चस्वासाठी भांडतात, असं लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलं. लांडग्यांचेच दुसरे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्यामुळे ती कल्पना जगभर गेली, आणि त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे अल्फा हा शब्द लावण्यात अर्थ नाही. कल्पना पसरवणाऱ्यानेच सोडली, आपल्या मेसेजमध्ये ती अजून आहे. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा मारणाऱ्यांपैकी ४३ टक्के आणि पाठीवर पाडून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांनी सांगितलं की त्यावर कुत्रं अंगावर आलं.

गुरगुरणं म्हणजे पिल्लू तोंडाने सांगतंय की थांबा. फटके देऊन ते बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता दात लागतात, आणि मग "स्पॅनियल चिडकीच" म्हणून लोक मोकळे होतात. गेल्या पावसाळ्यात बुंदी माझ्या नवऱ्यावर गुरगुरली. त्याने फक्त डोक्यावरून हात फिरवला होता. मेसेजप्रमाणे तिथे फटका बसायला हवा होता. आम्ही कान उलटून पाहिला तर आत लालभडक झालेला आणि आंबूस वास. लोंबते, केसाळ कान आणि दमट हवा, कॉकरला हे फार होतं. कान साफ केला, थेंब घातले, आणि आठवड्याभरात गुरगुरणं गेलं. आता दर रविवारी कान बघायचा, तोही खाऊ देत देत.

यंदाचा सराव सुरू झालाय. काल संध्याकाळी आम्ही चौथ्या खांबाशी होतो. ढोल वाजला, बुंदीने मान वळवून तिकडे पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या डबीकडे. यापेक्षा जवळ तिला नेण्याची मला गरज वाटत नाही. विसर्जनाच्या रात्रीसाठी डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवलंय. नुसती गुंगी आणणारी गोळी नको, तिने अंग सैल पडतं आणि आतली भीती तशीच राहते, भीती कमी करणारं औषध लागलं तर ते देऊ, असं ते म्हणाले. मागची खोली तयार ठेवणार आहे. खिडक्या बंद, पंखा मोठा, तिची सतरंजी कपाटाच्या आडोशाला. त्या रात्री मी तिच्या शेजारी जमिनीवर गादी टाकून झोपणार आहे.