सूक्ष्म भेगा आणि दाब: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सूक्ष्म भेगांमुळे दाबाखाली खडकाचे गुणधर्म बदलतात, या माझ्या म्हणण्यावर आपले आक्षेप दोन आहेत. ग्रॅनाइटच्या आकारमानात भेगांचा वाटा एका टक्क्याहूनही कमी असताना त्यांना एवढे महत्त्व का द्यावे, हा पहिला. नागपूरच्या पश्चिमेकडील खाणींतल्या बेसॉल्टमध्ये त्याहून कितीतरी अधिक पोकळ्या असूनही तो पक्का ठरतो, हा त्याचा आधार. प्रयोगशाळेत दिसणाऱ्या भेगा नमुना बाहेर काढतानाच पडतात, म्हणून त्यांवरून भूगर्भाविषयी बोलू नये, हा दुसरा.

बेसॉल्टचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण खरा फरक त्यातच दिसतो. त्या पोकळ्या लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या, म्हणजे बहुतांशी गोल असतात आणि गोल पोकळीभोवतीचा खडक कमानीसारखा भार पेलतो. सपाट भेगेला असा आधार नसल्याने तिच्या दोन्ही बाजू थोड्या दाबानेही जवळ येतात. एक टक्का गोल पोकळ्यांमुळे खडकाची दबण्याची क्षमता साधारण दोन-सव्वादोन टक्के वाढते. पण जाडी रुंदीच्या हजारांश असलेल्या भेगा आकारमानाच्या केवळ ०.१ टक्का असल्या, तरी हीच वाढ हिशेबाने ८० टक्क्यांच्या घरात जाते. टक्केवारी मोजून आकाराकडे दुर्लक्ष केले, की गफलत होते ती इथेच.

अशी भेग मिटायला लागणारा दाब खडकाच्या ताठरपणाला भेगेच्या जाडी-रुंदीच्या गुणोत्तराने गुणून ढोबळमानाने काढता येतो. ग्रॅनाइटसाठी तो ७० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे पावणेतीन किलोमीटर खोलीवरील भाराएवढा येतो. भेगा मिटल्या की खडक ताठर होतो, म्हणूनच पहिल्या शंभर-दोनशे मेगापास्कलपर्यंत ध्वनिलहरींचा वेग झपाट्याने वाढतो आणि पुढे संथपणे. पाणी झिरपण्यावरचा परिणाम तर याहून ठळक आहे: ब्रेस, वॉल्श आणि फ्रँगोस या संशोधकांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत अमेरिकेतील वेस्टर्ली ग्रॅनाइटची पार्यता, म्हणजे द्रव झिरपू देण्याची क्षमता, १० ते ४०० मेगापास्कलदरम्यान ३५० वरून ४ नॅनोडार्सीवर (पार्यतेचे एकक) आली.

दुसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. भार उतरल्यावर नमुना प्रसरण पावतो आणि नव्या भेगा पडतात. दाबाखाली मोजायचे ते त्यासाठीच, कारण त्या तिथे पुन्हा मिटतात. मात्र खोलवर सगळ्याच भेगा मिटलेल्या असतात, हे गृहीतक टिकत नाही. भेगेतल्या पाण्याचा दाब तिला आतून उघडी ठेवतो. तीन किलोमीटरवर खडकाचा भार सुमारे ८० आणि पाण्याचा दाब ३० मेगापास्कल असेल, तर भेगेला मिटवायला उरतात जेमतेम ५०. शिवाय पाणी दबायला विरोध करते, कर्तन, म्हणजे एका भागाचे दुसऱ्यावरून सरकणे, मात्र रोखत नाही. म्हणून भिजलेल्या खडकात प्राथमिक (दाबाच्या) लहरींचा वेग वाढतो आणि दुय्यम (कर्तनाच्या) लहरींचा फारसा बदलत नाही.

आपल्याकडील चाचणी अहवालात लहरींचा वेग दिला असेल, तर नमुना कोरडा होता की ओला आणि किती दाबाखाली होता, हे आधी पाहावे. तसा उल्लेख नसल्यास तो आकडा खोलीवरच्या खडकाला लावू नये.