प्राणी फिरतात म्हणूनच तर मोजता येतात

"जंगलातले प्राणी एका जागी थांबत नाहीत, तोच वाघ चार ठिकाणी दिसतो आणि चारदा मोजला जातो, हे आकडे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. त्यापेक्षा जुनी पंजाच्या ठशांवरून केलेली गणना बरी होती." हा मेसेज सगळीकडे फिरतोय आणि लोक खरंच विश्वास ठेवायला लागलेत, म्हणून लिहितोय.

तोच प्राणी परत परत दिसतो? अहो, दिसायलाच पाहिजे, पद्धतच त्यावर उभी आहे! समजा 50 हरणांना खूण करून सोडलं, काही दिवसांनी 60 पकडली, त्यातली 15 खुणेवाली निघाली. म्हणजे चौथा हिस्सा खुणेवाला, मग सगळ्या जंगलातही साधारण तेवढाच धरायचा, आणि खुणेवाली मुळात 50 तर एकूण झाली 200 च्या आसपास. जुनीच जास्त भेटली तर आकडा वाढत नाही, उलट घटतो, 15 च्या जागी 30 भेटली असती तर उत्तर 100 आलं असतं. आणि हरणं हिंडलीच नसती तर खुणेवाली-बिनखुणेची एकमेकांत मिसळलीच नसती.

वाघाला पकडावं लागत नाही, जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांनी फोटो निघतात आणि त्याचे पट्टे हीच त्याची खूण, दोघांचे सारखे नसतात. डबल मोजायचा खरा धोका वेगळाच आहे: डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे, त्यामुळे एकेकाच बाजूचे फोटो मिळाले तर एकाचे दोन होऊ शकतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात.

मोजणी चालू असताना प्राणी आत-बाहेर करतात, हे मात्र अगदी बरोबर. त्यासाठी काम थोड्या दिवसांत उरकतात, शिवाय कोण कुठल्या कॅमेऱ्यात कितीदा आला यावरून त्याचा वावर कुठे आहे ते काढतात. तरी चूक राहतेच, म्हणून एक आकडा न देता रेंज देतात.

"अंदाज म्हणजे थाप" म्हणणाऱ्यांनी भारताचे 2022 चे आकडे बघावेत. 3,080 वेगवेगळे वाघ फोटोत ओळखले गेले, एकूण अंदाज 3,167 ते 3,925. म्हणजे बहुतेक वाघ प्रत्यक्ष ओळखलेले, हिशोबाने काढले ते फक्त उरलेले.

आणि ठशांचं म्हणाल तर, माती ओली की कोरडी यावर एकाच पंजाचा ठसा बदलतो. राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात ठशांच्या गणनेनुसार कागदावर वाघ होते, 2005 मध्ये शोधायला गेले तर एकही उरला नव्हता.