परवडेल का, हे विचारायला काय जातं?

आज भाचीला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. तिला विचारूनच हे लिहितेय. बाळ चार महिन्यांचं, एवढ्यात दुसरं नकोय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, ही मान डोलावत राहिली. बाहेर आल्यावर जिन्यात तिने चिठ्ठीच्या चार घड्या केल्या, पर्सच्या आतल्या कप्प्यात सारली, चेन ओढली आणि म्हणाली, "मावशी, दर महिन्याला हे नाही जमणार गं."

माझे पाय तिथेच थांबले. ती घडी मी ओळखते. माझ्याही पर्समध्ये अशीच एक चिठ्ठी होती.

धाकटीच्या वेळी मलाही गोळ्या दिल्या होत्या. दोन महिने घेतल्या. तिसऱ्या महिन्यात ओढाताण झाली, पाकीट आणलंच नाही. नवऱ्याला बोलले नाही, डॉक्टरांना तर नाहीच. त्यांच्या लेखी बाई नेमाने गोळ्या घेत होती. मग पाळी चुकली. अकरा दिवस रोज पहाटे उठून बाथरूममध्ये जाऊन बघायचं. बाराव्या दिवशी पाळी आली, तेव्हा नळ मोठा सोडून रडले.

म्हणून आज तिला म्हटलं, चल, परत आत. तिला लाज वाटत होती, मीच दार ढकललं. "डॉक्टर, हे हिला परवडणार नाही. दुसरं काय आहे?"

"अहो, मग आधी सांगायचं ना! बरेच पर्याय आहेत."

आधी सांगायचं ना! तुम्ही आधी विचारायचं ना! बीपी विचारता, पाळीची तारीख विचारता, बाळ अंगावर पितंय का विचारता, मग "दर महिन्याला एवढा खर्च जमेल का" हे विचारायला किती वेळ लागतो? गोळी कितीही चांगली असली तरी ती घरातच आली नाही तर तिचा उपयोग काय? बरं, मान्य, बाहेर रांग असते. पैशांचं विचारलं तर कुणाला अपमान वाटेल, हेही मान्य. पण माझ्या त्या अकरा दिवसांपुढे हा अपमान काहीच नाही.

खरं सांगायचं तर त्यानंतर डॉक्टर छान बोलल्या. पेन खाली ठेवलं. ड्रॉवरमधून तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, काढून भाचीच्या तळहातावर ठेवली. पांढरं प्लॅस्टिक, त्यावर तांब्याची बारीक तार, खाली दोरा. "एवढीशीच?" भाची म्हणाली. खर्च एकदाच, काही प्रकार 10 वर्षं चालतात, मूल हवं झालं की कधीही काढता येते. सुरुवातीचे काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाईल, पोटात दुखेल, तेही स्पष्ट सांगितलं. 10 वर्षं म्हणजे महिन्याला एक धरलं तरी 120 पाकिटं. पोरीने तिथेच मोबाइलवर हिशोब केला.

गोळ्याच हव्या असतील तर त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळीही असते. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! फक्त पाजणाऱ्या बाईला सध्या इस्ट्रोजेन हे हार्मोन नसलेली गोळी लागते आणि ती रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते. दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे, पण ते बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागू शकतो. कंडोम आहेच, आणि संबंधांतून लागणाऱ्या रोगांपासून बचाव त्यानेच होतो.

आणि ते "अंगावर पाजतेय तोवर काही होत नाही"! भाचीला हे तिघीचौघींनी सांगितलंय. ते खरं कधी, तर बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर आणि पाळी अजून सुरू झालेली नाही, तिन्ही एकाच वेळी असेल तर. यातलं एक जरी सुटलं तरी भरवसा नाही. कृपा करून कुणाला अर्धवट सांगू नका.

आता आणखी एक. पुढेमागे मूल नकोच असं ठरलं की पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, त्याच दिवशी घरी. नंतर साधारण तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि तपासणी करून घ्यायची. तरी घरात हा विषय काढा, सगळे पंख्याकडे बघतात. माझ्या घरीही हेच झालं. ती तिसऱ्या महिन्यातली ओढाताण दोघांची होती, भीती मात्र एकटीची. हे लिहितानाही हात थरथरतोय, इतकी वर्षं झाली तरी.

असो. डॉक्टरांवर सगळा राग काढायचा नाही, त्यांनी आज अर्धा तास दिला. पण आम्ही जिन्यातून तशाच खाली उतरलो असतो तर?

मैत्रिणींनो, तुमच्या पर्समध्ये अशी घडी घातलेली चिठ्ठी असेल तर उद्याच परत जा. "मला हे परवडत नाही" एवढंच म्हणा. एकटीला जड जात असेल तर मला मेसेज करा, येते मी सोबत.

मंगळवारी तांबी बसवायची ठरलीय. बाळाला घेऊन मी बाहेर बसणार आहे.