‘फाटक उघडंच होतं’ म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात रजनीश (ओशो) यांच्या अनुयायांनी 1980 च्या दशकात वसवलेल्या रजनीशपुरम या कम्यूनबद्दलचा, म्हणजे सामूहिक वसाहतीबद्दलचा, एक मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: तिथे कुणाला कोंडलं नव्हतं, फाटक उघडंच होतं, माणसं शिकलेली होती आणि स्वखुशीने राहत होती, ध्यानाचा अनुभव खरा होता, वाईट ते सगळं रजनीशांची सचिव शीला हिने एकटीने केलं, बाहेर पडलेले संन्यासी (रजनीशांचे दीक्षित अनुयायी) आता नुसता कडवटपणा ओकतात.

शिक्षणाचं मान्य. 1983 मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या रहिवाशांची पाहणी केली, तेव्हा दोन तृतीयांशाच्या आसपास पदवीधर निघाले. म्हणजे पदवी असूनही माणूस अडकतो, एवढंच यातून दिसतं. स्वतःची समजूत घालायला शिकलेल्याला उलट जास्त मुद्दे सुचतात.

फाटकाचं बघू. 1981 मध्ये साडेसत्तावन्न लाख डॉलरला घेतलेलं सुमारे 64 हजार एकरांचं ते माळरान. जवळचं गाव अँटिलोप, वस्ती पन्नासच्या आत-बाहेर, आणि तेही डोंगरातल्या खराब रस्त्याने तीसेक किलोमीटरवर. दिवसाला बारा तास काम, त्याला नाव ‘वर्शिप’, म्हणजे पूजा. पूजेला पगार नसतो, तसा इथेही नव्हता. अनेकांनी साठवलेले पैसे आधीच कम्यूनला दिलेले. नाव नवं, कपडे फक्त लाल-भगव्या छटांचे, गळ्यात 108 मण्यांची माळ आणि लॉकेटमध्ये गुरूंचा फोटो. त्यात काही परदेशी संन्याशांची व्हिसासाठी अमेरिकन जोडीदाराशी खोटी लग्नं लावलेली. त्यांनी बाहेर जाऊन तोंड उघडायचं म्हणजे स्वतःचाच गुन्हा कबूल करायचा. असा माणूस फाटकापर्यंत चालत गेलाही असता. पुढचं तिकीट कशाने काढणार होता?

ध्यानाचा अनुभव खरा होता, यात शंका नाही. पण तो कशाने येतो ते समजून घ्या. पुण्याच्या कोरेगाव पार्कातही चालणारं ‘डायनॅमिक’ ध्यान एका तासाचं असतं. पहाटे, रिकाम्या पोटी, डोळ्यांवर पट्टी. पहिली 10 मिनिटं नाकाने वेगात, मुद्दाम बेताल श्वास. पुढची 10 रडणं, ओरडणं, हातपाय झाडणं. मग 10 मिनिटं हात वर करून उड्या मारत ‘हू’. ‘स्टॉप’ ऐकू आलं की 15 मिनिटं जागच्या जागी गोठून उभं राहायचं, शेवटची 15 नाच. पहिल्या टप्प्यात खरी मेख आहे. इतक्या वेगाने श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसतात. बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, काहींचे पंजे आपोआप वळतात, डोकं हलकं होतं. अशा अवस्थेत हमसून रडणं आणि मग एकदम थांबल्यावर गाढ शांत वाटणं, हे कुठल्याही खोलीत, गुरूच्या फोटोशिवायही घडतं. मिरगी, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर ते धोक्याचंही आहे. गफलत होते ती त्यानंतर: शरीराने दिलेल्या शांततेचं श्रेय गुरूंना जातं, आणि एकदा ते दिलं की बारा तासांच्या बिनपगारी कामावर शंका घेणं कृतघ्नपणाचं वाटू लागतं.

आता शीला. 1984 मध्ये ओरेगनमधल्याच द डॅल्स गावातल्या 10 हॉटेलांत सॅलडमध्ये साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू कालवून 751 लोकांना आजारी पाडलं गेलं, ते काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणुकीवर डोळा ठेवून. तो कट शीला आणि तिच्या साथीदारांचा होता, त्याबद्दल शिक्षाही झाली. पण 1981 पासून तीनेक वर्षं रजनीश जाहीर मौनात होते आणि त्यांचा शब्द बाहेर यायचा तो मुख्यतः शीलाच्या तोंडून. ती सांगते ते त्यांचंच आहे की नाही, हे साध्या संन्याशाने कुणाला विचारायचं? ही रचना एकट्या शीलाची नव्हती. शिवाय नोव्हेंबर 1985 मध्ये इमिग्रेशनच्या दोन आरोपांत खुद्द रजनीशांना 10 वर्षांची स्थगित शिक्षा आणि 4 लाख डॉलरचा भुर्दंड झाला. गुन्हा केला असं त्यांनी कबूल केलं नाही; दोषी ठरवण्याइतका पुरावा आहे, एवढं मान्य केलं. फिरणाऱ्या मजकुरात हे कुठेच नसतं.

कडवटपणाचं म्हणाल, तर माजी संन्याशांचं नीट ऐका. त्यांतले कितीतरी जण तिथल्या मैत्रीबद्दल, एकत्र राबून ओसाड माळावर हिरवळ आणल्याबद्दल आजही जीव लावून बोलतात, आणि त्याच दमात फसवणुकीबद्दलही. मुलं मात्र स्वखुशीच्या हिशोबात धरूच नका. आई-बापांपासून वेगळ्या घरांत वाढलेल्या त्या पोरांना ‘राहायचंय का?’ असं कुणी विचारलं नव्हतं.