'सेमीकोलन' यांना उत्तर, जरा लांबलेलं

'सेमीकोलन' (टोपणनाव त्यांचंच, मी ठेवलेलं नाही) यांची प्रतिक्रिया परवा रात्री पावणेबाराला आली. मी ती सकाळी चहाबरोबर वाचली, आणि चहा गार झाला. एरवी मी खालीच दोन ओळींत आभार मानून मोकळा होतो. या वेळी ते जमणार नाही.

मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी: डीबीव्हर हे डेटाबेस उघडून बघायचं-बदलायचं टूल रोज वापरताना मला काय काय खटकतं ते लिहिलं होतं. ग्रिडमधला (टेबल तक्त्यासारखं दिसतं तिथला) सेल बदलून सेव्ह दाबलं की मागे कोणती अपडेट क्वेरी, म्हणजे बदलाची आज्ञा, जाणार आणि ती किती रेकॉर्डना लागणार, हे आधी समोर यावं. प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू कामाच्या डेटाबेसवर, ऑटो-कमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का होणं) मुळातच बंद असावं. नल (काहीच न भरलेलं) आणि रिकामी स्ट्रिंग (भरलेलं, पण शून्य अक्षरांचं) वेगळी ओळखू यावी. टेबल केवढं आहे याचा अंदाज न मागता मिळावा. बस.

त्यावर सेमीकोलन म्हणतात: "लेख फार लांब. नल राखाडी अक्षरात आधीच दिसतो, तुम्ही टूल नीट उघडून पाहिलेलं दिसत नाही. मोजायला काउंट स्टार आहे. मॅन्युअल कमिट ठेवून माणूस घरी गेला तर लॉक कोण सोडवणार, याचा विचारच नाही. मुळात ज्याला वेअर लिहिता येत नाही त्याच्यासाठी ही बालवाडीतली खेळणी असतात. खरा डेव्हलपर काळ्या स्क्रीनवर काम करतो." (काउंट स्टार म्हणजे सगळे रेकॉर्ड मोजणारी क्वेरी. वेअर म्हणजे कोणते रेकॉर्ड बदलायचे ती अट. मॅन्युअल कमिट म्हणजे आपण सांगेपर्यंत बदल पक्का होत नाही, आणि तोवर ते रेकॉर्ड इतरांसाठी लॉक. काळी स्क्रीन म्हणजे कमांड लाइन.)

बालवाडी. बरं.

मतभेद असू द्या, त्यासाठीच प्रतिक्रियांची जागा उघडी ठेवली आहे. पण अनोळखी माणसाच्या घरी पहिल्यांदा जाऊन "तुमच्याकडे खुर्च्या लहान मुलांच्या दिसतात" असं आपण म्हणतो का? म्हणत असाल तर प्रश्न मिटला. नसाल, तर इथेच ही सवलत का घेतलीत?

आणि काळ्या स्क्रीनचं मला सांगू नका. 2003 साली मी कर्वे रस्त्यावरच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात लागलो तेव्हा समोर काळी स्क्रीनच होती. ओरॅकलचा डेटाबेस, आणि त्याला टाइप करून आज्ञा द्यायला एसक्यूएल प्लस. त्यात ओळीची रुंदी मुळात 80 अक्षरांची, त्यामुळे वीस कॉलमचं टेबल उघडलं की एकेक रेकॉर्ड सहा-सात ओळींत तुटून पडायचा, आणि मध्येच पुन्हा कॉलमची नावं. लाइनसाइज वाढवा, पेजसाइज वाढवा, तरी नाव एकीकडे आणि रक्कम दुसरीकडे. माझ्या शेजारी बसणारे सीनियर स्क्रीनला लाकडी पट्टी लावून ओळ वाचायचे. खोटं वाटेल, पण दोन वर्षं मी ती पट्टी पाहिली आहे. पुढे मीही एक आणली.

त्या काळात एका पतपेढीचं काम आमच्याकडे होतं. एका सभासदाचा पत्ता बदलायचा होता. क्वेरी मी नोटपॅडमध्ये लिहून ठेवली होती. पहिल्या ओळीत अपडेट आणि सेट, दुसऱ्या ओळीत वेअर. ती उचलून एसक्यूएल प्लसमध्ये चिकटवली. पहिल्या ओळीच्या शेवटी एक सेमीकोलन (;), म्हणजे क्वेरी संपल्याची खूण, राहिला होता. (होय, सेमीकोलन. तुमचं टोपणनाव वाचून चहा गार झाला तो उगाच नाही.) एसक्यूएल प्लसने पहिली ओळ पुरी क्वेरी समजून चालवली आणि खालच्या वेअरला "ही कमांड ओळखत नाही" म्हणून एसपी2-0734 असा एरर दिला. माझं लक्ष त्या एररवर. त्याच्या वर शांतपणे लिहिलेलं होतं की 3812 रेकॉर्ड बदलले. अख्खी पतपेढी तळेगाव ढमढेऱ्यात राहायला गेली होती.

आता मौज बघा. एसक्यूएल प्लसमध्ये ऑटो-कमिट मुळात बंद असतं, म्हणजे रोलबॅक (बदल मागे घेणं) मारला असता तर सगळं जिथल्या तिथे आलं असतं. पण मी तेवीस वर्षांचा, हात थरथरत होते, आणि मला वाटलं की खिडकीतून बाहेर पडलं की न केलेला बदल वाऱ्यावर जाईल. एक्झिट टाइप केलं. एक्झिट केल्यावर एसक्यूएल प्लस मुळात कमिट करूनच बाहेर पडतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आदल्या रात्रीची एक्स्पोर्टची फाइल होती म्हणून नोकरी राहिली.

मला वेअर लिहिता येत होतं, सेमीकोलनसाहेब. लिहिलेलंही होतं. दुसऱ्या ओळीवर.

म्हणून मी म्हणतो की आकडा आधी दिसला पाहिजे. 3812 हा आकडा काळ्या स्क्रीननेही दाखवला, पण तो निकाल म्हणून, काम उरकल्यावर. डीबीव्हरमध्ये तर सोय अर्धी तयारच आहे: ग्रिडखालच्या पट्टीत सेव्हच्या शेजारीच बदलाची स्क्रिप्ट दाखवणारं बटण आहे. पण ते वेगळं दाबावं लागतं, आणि घाईत असलेला माणूस वेगळं बटण दाबत नाही. ज्या टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक रेकॉर्डची वेगळी ओळख) नाही तिथे तर हे फारच लागतं. तिथे टूल विचारतं की सगळे कॉलम मिळून की धरू का, आपण हो म्हणतो, आणि तंतोतंत सारखे दोन रेकॉर्ड असले तर बदल दोघांना लागतो. ग्रिडमध्ये आपण एकालाच हात लावलेला असतो.

आणि काळ्या स्क्रीनवाल्यांना चुका होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कमांड लाइनचं मॅन्युअल उघडावं. तिथे सेफ-अपडेट्स नावाचा पर्याय आहे: कीवरची अट किंवा लिमिट नसेल तर अपडेट आणि डिलीट चालूच देत नाही. त्याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव आहे 'आय-ॲम-अ-डमी'. म्हणजे मी मठ्ठ आहे, सांभाळून घ्या. काळ्या स्क्रीनच्या लोकांनी ते स्वतःसाठी केलं, स्वतःवर हसत केलं. मायएसक्यूएलच्याच वर्कबेंच या ग्रिडवाल्या टूलने तीच गोष्ट मुळातच चालू ठेवली, आणि अपडेट अडवल्याचा 1175 नंबरचा एरर पाहिला नाही असा मायएसक्यूएलवाला मला तरी भेटलेला नाही. मग बालवाडीत नेमकं कोण कोण बसलंय?

ग्रिड कोण वापरतं हेही सांगतो, कारण तुम्ही ते गृहीत धरलंत. सपोर्टला बसलेली मुलगी, जिला ग्राहक फोनवर असताना एका रेकॉर्डची तारीख सुधारायची असते. टेस्टर. आणि दहाव्या तासाला मी. यातल्या कुणाला कमी लेखण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला मला माहीत नाही.

आता तुमचं जे बरोबर आहे ते बरोबर. डीबीव्हर नल राखाडी अक्षरात, चौकटी कंसात दाखवतं. मी "दिसतच नाही" असं लिहिलं होतं, ते चूक. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचा उल्लेखही केला आहे. फक्त एवढंच, की माझी तक्रार दाखवण्यापेक्षा बदलण्याची होती: सेल पुसून एंटर मारलं की तिथे रिकामी स्ट्रिंग बसते, नल नाही. नल हवा असेल तर राइट क्लिक करून तो शोधावा लागतो. (ओरॅकलवाल्यांनी हसू नये, तुमच्याकडे दोन्ही एकच.) पण चूक ती चूक. मान्य.

काउंट स्टारबद्दल: इनोडीबी (मायएसक्यूएलचं रेकॉर्ड साठवणारं इंजिन) रेकॉर्डांचा पक्का आकडा कुठे साठवून ठेवत नाही, मोजायला इंडेक्स चाळत बसतं. तुमच्या सगळ्यात मोठ्या टेबलावर दुपारी बारा वाजता मारून बघा आणि मला कळवा.

लॉकचं म्हणाल तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नुसत्या बसून राहिलेल्या ट्रान्झॅक्शनला (सुरू झालेल्या पण कमिट न झालेल्या कामाला) वेळेची मर्यादा घालायची सोय 9.6 पासून, म्हणजे 2016 पासून आहे. ती लावा, विषय संपला. माझ्याकडूनही गेल्या पावसाळ्यात असं झालं होतं: मॅन्युअल कमिटवर एक साधा सिलेक्ट (नुसतं वाचणं) मारून जेवायला गेलो, तेवढ्यात सहकाऱ्याने त्याच टेबलावर ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणं) चालवलं, ते माझ्यामागे अडकलं आणि त्याच्यामागे बाकी सगळ्यांच्या क्वेऱ्यांची रांग लागली. वीस मिनिटं ॲप बंद. पण मर्यादा लावलेली नव्हती ही आमची चूक, आणि तो विषय वेगळा आहे. त्यावर कधीतरी लिहीन.

लेख लांब होता. हाही लांब झाला. वाचायची सक्ती तेव्हाही नव्हती.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, कुणी तसं म्हणू नये. फक्त तुम्ही 'बालवाडीतली'चं 'बालवडीतली' केलं होतंत, ते मी काल सरळ वर्डप्रेसच्या टेबलात जाऊन सुधारलं. ग्रिडमधूनच. आधी स्क्रिप्ट पाहिली, अटीत आयडी पाहिला, एकच रेकॉर्ड, मग कमिट. तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं.