चौलला आलेल्या पाहुण्याला आधी काय दाखवायचं?

"रेवदंड्यात बघण्यासारखं काय आहे?" असं पाहुण्यांनी विचारलं, तर आमच्या भाऊने सांगितलं, "किनारा आहे. पोहून घ्या, मासे खा आणि उद्या काशीदच्या किनाऱ्यावर जा." भाऊची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. पाहुण्यांना दिलेलं हे उत्तर त्याने स्वतःच अलिबागजवळच्या आमच्या चौल नाक्यावर, कट्ट्यावर बसता बसता सांगितलं. रेवदंडा म्हणजे जुन्या चौल बंदराचाच समुद्राकडचा भाग. मास्तरांनी हातातला चहा खाली ठेवला.

"अरे, दोन हजार वर्षांच्या बंदरात राहतोस तू. पेरिप्लस या जुन्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात आपलं नाव आहे, भूगोलकार टॉलेमीकडे आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखात आहे. आणि तू लोकांना काशीदला पाठवतोस?"

"मास्तर, मुंबईचा माणूस रो-रोने मांडव्याला गाडी उतरवतो," भाऊ म्हणाला. "दोन दिवसांची सुट्टी. त्याला टॉलेमी सांगत बसू? कोटातल्या सातखणी मनोऱ्याचे सात मजले होते म्हणतात, उरलेत चार. लोक पाच मिनिटं फोटो काढतात आणि विचारतात, पुढे काय? मी काय सांगायचं?"

भाऊचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. चौलमध्ये रामेश्वर, डोंगरावर दत्त आणि हिंगळाज, झाडीत हमामखाना, रेवदंड्यात पोर्तुगीजांचा कोट, खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. प्रत्येक वस्तू वेगळी बघितली तर एक पडकी भिंत नाहीतर एक देऊळ, एवढंच हाती लागतं. हे सगळं एकाच बंदराचे अवयव आहेत, हे कुणी सांगतच नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: पाहुण्याला आधी खाडी दाखवा. कुंडलिका नदीचं मुख एकदा नजरेत बसलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

मास्तर आता थांबणार नव्हते. "९१६ साली अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. सैमूर म्हणतो तो आपल्या चौलला. शिलाहारांचं राज्य, झंझ राजा गादीवर, आणि बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं तो लिहितो. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. काही इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक माणूस नेमलेला. हे आपल्या गावातलं आहे, भाऊ!"

"पण ते दिसत कुठे?"

"घोड्यांवरून दाखव," मी म्हटलं. दख्खनच्या सुलतानांना चांगले घोडे हवे असायचे, ते अरबस्तानातून, इराणातून गलबतांनी यायचे आणि इथे उतरून घाट चढायचे. म्हणून तर रशियाच्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन एक घोडा घेऊन इथे उतरला, वास्को द गामाच्या पंचवीस-तीस वर्षं आधी. त्याने लिहून ठेवलंय की तो जिथे जाईल तिथे लोक मागून येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून धरून बसला, शेवटी कुणीतरी रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात निकितीनच्या नावाचा स्तंभ उभा आहे. भाऊचे पाहुणे त्याच्या जवळूनच किनाऱ्यावर जातात.

इथे छोटूने तोंड उघडलं. "रशियन चालेल. पण कोटात गेलं की सगळं पोर्तुगीजांचं कौतुक सुरू होतं. ज्यांनी देवळं पाडली त्यांच्या भिंती कशाला मिरवायच्या? १७४० साली मराठ्यांनी चौल घेतलं, ते सांगा आणि मोकळे व्हा."

छोटूचा राग खरा आहे, तो दाबून टाकू नये. पण १७४० एकटं सांगितलं तर त्याचंच वजन कमी होतं. आदल्या वर्षी चिमाजीअप्पांनी वसई घेतली, गोव्यातल्या साष्टीतही मराठी फौजा होत्या. गोवा वाचवायचा म्हणून पोर्तुगीजांनी तहात चौल आणि कोर्लई सोडलं. जी जागा अहमदनगरच्या निजामशाहीला १५७०-७१ च्या मोठ्या वेढ्यात घेता आली नाही, ती तहाच्या टेबलावर आली. हे समजायला आधीचा वेढा माहीत हवा की नको?

"आणि १५०८ कोण सांगणार?" दाद्या म्हणाला. दाद्या कोळीवाड्यातला, मासेमारीवरच त्याचं घर चालतं. तो एरवी इतिहासात पडत नाही, पण ही गोष्ट तो सोडत नाही. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज याच्या होड्या कुंडलिकेच्या याच मुखातून आत शिरल्या. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द अल्मेदा आत नांगर टाकून होता. बाहेर पडताना त्याचं जहाज अडकलं, ते मासे धरायला पाण्यात रोवलेल्या खांबांत. भरतीचं पाणी उतरत गेलं, जहाज सुटेना, पाय गोळ्याने फुटलेला लोरेन्सू डोलकाठीला टेकून लढला आणि तिथेच मेला. हिंदी महासागरातला पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव.

"ते खांब कुणाचे होते?" दाद्याने सगळ्यांकडे बघितलं. "आमच्याच लोकांचे. आजही खांब तसेच रोवतात. पाहुण्याला ओहोटीला उभा करा आणि दाखवा, मग बघू कोण पाच मिनिटांत निघतो."

भाऊ गप्प झाला. ही गोष्ट त्याने पहिल्यांदाच ऐकली असावी.

पण तात्यांनी वेगळाच मुद्दा काढला, आणि माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात वजनदार तोच. "तुम्ही सगळे किल्ला किल्ला करता. किल्ल्यात आम्ही राहतो. तटाच्या आत माझी नारळ-सुपारीची वाडी आहे. कुणीही शिरतं, शहाळी पाडतं, बाटल्या टाकतं, तटावर चढून मागच्या परसात बघतं. तुमचा पाहुणा वाढला तर दार मी लावून घ्यायचं का?"

याला कुणाकडे झटपट उत्तर नव्हतं. रेवदंड्याचा कोट वस्तीचा आहे. रस्ता तटातून आत येतो, आत आळ्या, विहिरी, वाड्या. हेच त्याचं वेगळेपण आणि हीच अडचण. आपल्याकडे पर्यटन म्हटलं की फलक आणि गाडीतळ आठवतो, राहणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. मला तात्यांची बाजू शंभर टक्के पटते. वाडीतून वाट द्यायची की नाही हे वाडीवाल्याने ठरवावं, आणि दिली तर त्याच्या घरची सुपारी, त्याच्या हातचं शहाळं पाहुण्याने पैसे देऊन घ्यावं.

कोर्लईचा जॉन तेवढ्यात दुचाकी लावून येऊन बसला. त्याचंही तेच. त्यांच्या गावात हजारभर माणसं पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली स्वतःची बोली बोलतात, कारण १७४० नंतर पोर्तुगीज गेले आणि ही वस्ती तिथेच राहिली. "लोक येतात आणि म्हणतात, बोलून दाखवा. आम्ही काय दाखवायला बोलतो? बाजारात भेटा, मासळी घ्या, ओळख होऊ दे. मग ऐकाल की."

रेवदंड्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही तसंच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आता बहुतेक इस्राएलला गेले, पण वास्तू आहे. तिथे जाताना आवाज खाली हवा, एवढं सांगितलं की पुरे.

मग खडू नव्हता म्हणून भाऊने फोनवरच क्रम लिहून घेतला. सकाळी ऊन चढायच्या आत कोर्लई, दीपगृहाच्या बाजूने वर. निजामशाहीने बांधलेला आणि पोर्तुगीजांनी १५९४ साली घेतलेला तो अरुंद किल्ला चढलं की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, समोर रेवदंडा. साळावच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे बार्जही कधी कधी दिसतात, म्हणजे बंदर अगदीच निजलेलं नाही. गाळ साचला, सुरत वाढली, मुंबई बसवताना इंग्रजांनी इथले रेशीम विणकर तिकडे नेले, हे सगळं तिथे उभं राहूनच सांगायचं. मग खाली उतरून सातखणी आणि तट. दुपारी जेवण. संध्याकाळी रामेश्वर, तिथली पोखरण म्हणजे पुष्करणी आणि मंडपातली कुंडं. अवर्षण पडलं की पर्जन्यकुंड उघडायची पद्धत मास्तरांनी समजावून सांगायची. पाय चालत असतील तर हिंगळाजची लेणी. दत्ताचा डोंगर मार्गशीर्षात यात्रेलाच करावा, तेव्हाचा भोवाळ्याचा बाजार चुकवू नये. परतताना आक्षीला शके ९३४ चा शिलालेख, रस्त्याला लागूनच.

"तटावर दहाच माणसं, आणि मी बरोबर असेन तेव्हाच," तात्यांनी अट घातली. भाऊने तीही लिहून घेतली.

छोटू अजून धुसफुसत होता. "१७४० मी सांगणार."

"ये की मग रविवारी," मास्तर म्हणाले. "पण १५०८ दाद्याचं."