मूट खरोखरच नामानिराळा राहिला का?

सस्नेह नमस्कार,

निनावी चित्रे आणि संदेश टाकण्याच्या 'फोरचॅन' या संकेतस्थळाचा संस्थापक क्रिस्टोफर पूल ऊर्फ 'मूट' याच्या कारकिर्दीवरील माझ्या लेखाबद्दल आपण परखडपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की पंधराव्या वर्षी हे संकेतस्थळ काढणाऱ्या मुलाचे कौतुक करण्याच्या भरात मी त्याने उभ्या केलेल्या उकिरड्याकडे डोळेझाक केली. इतरांना निनावीपणाची ढाल देऊन तो स्वतः नामानिराळा राहिला आणि शेवटी गूगलमध्ये जाऊन बसला. यातले जे मला मान्य आहे, ते आधी सांगतो.

२०१४ हे वर्ष मी एका वाक्यात उरकले, ते चुकलेच. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस नामवंत स्त्रियांची चोरलेली खासगी छायाचित्रे फोरचॅनवर पसरली, आणि त्याच सुमारास 'गेमरगेट'च्या नावाखाली व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातील स्त्रियांचा छळ सुरू झाला. ज्यांना हे सोसावे लागले, त्यांची बाजू माझ्या लेखात यायलाच हवी होती.

मात्र 'नामानिराळा' हा शब्द मला पटत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये पूलने जपानमधील 'फुताबा चॅनेल' या अशाच निनावी संकेतस्थळाच्या धर्तीवर ही जागा सुरू केली, ती अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांसाठी. नोंदणी नाही, नाव लिहिले नाही तर आपोआप 'अ‍ॅनॉनिमस' (निनावी), आणि नवे धागे, म्हणजे चर्चेच्या नव्या मालिका आल्या की जुने खाली सरकत सरकत कायमचे पुसले जाणार, एवढीच त्याची मांडणी होती. कोणी काय लिहिले याची पुण्याई कुणाच्याच खात्यावर जमा होत नसे. जे चित्र किंवा जो विनोद लोकांना आवडे, ते लोक आपापल्या संगणकावर उतरवून ठेवत आणि पुन्हा टाकत, म्हणून तेवढेच टिके. मांजरांच्या चित्रांचे विनोद आणि 'रिकरोल' (भलत्याच दुव्याच्या आमिषाने रिक अ‍ॅस्टलीच्या गाण्याकडे नेण्याची खोडी) याच रीतीने रुजले. क्रौर्यही याच रीतीने फोफावले, कारण ज्याची पुण्याई जमा होत नाही, त्याचे पापही जमा होत नाही. हा दोष मांडणीतच होता, आणि ती मांडणी पूलने निवडली होती, हे मी नाकारत नाही.

पण तो स्वतः लपून राहिला नाही. २००८ पर्यंत 'मूट' एवढ्याच नावाने वावरणारा हा मुलगा त्या वर्षी खऱ्या नावानिशी वृत्तपत्रांसमोर आला. एका विद्यार्थ्याने २००८ च्या निवडणुकीतील अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या ईमेल खात्यात शिरकाव करून त्याचा पुरावा फोरचॅनवर मिरवला होता. त्या खटल्यात, एप्रिल २०१० मध्ये, अमेरिकेतील टेनेसी राज्यातील न्यायालयात शपथेवर उभा राहून पूलने तिथल्या बोलीतील एकेका शब्दाचा अर्थ सरकारी वकिलांना समजावून दिला. २०११ मध्ये त्याने 'कॅनव्हास' हे चित्रांचे नवे संकेतस्थळ काढले, तेव्हा निनावी लिहिण्याची मुभा ठेवली, पण आत येण्यासाठी फेसबुकचे खाते सक्तीचे केले. निनावीपणाच्या ढालीबद्दल आपण म्हणता तो मुद्दा त्यालाही कळत होता, याचा मला याहून ठळक पुरावा दिसत नाही. ती कंपनी आणि तिचे 'ड्रॉक्वेस्ट' हे चित्रकलेचे अ‍ॅप बंद होत असल्याचे त्याने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केले, आणि आपण अपयशी ठरलो असे त्याने उघडपणे लिहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेमरगेटच्या चर्चेवर बंदी घालून त्याने आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. बंदीला उशीर झाला, हे आपले म्हणणे रास्तच आहे.

गूगलचे म्हणाल, तर २०१६ मध्ये तो तिथे गेला आणि २०२१ मध्ये बाहेर पडला. त्यात मला गैर काही दिसत नाही. माझी खरी तक्रार सप्टेंबर २०१५ ची आहे. जानेवारीत व्यवस्थापन सोडल्यावर त्याने फोरचॅन '२चॅनेल' या जपानी निनावी चर्चास्थळाचे संस्थापक हिरोयुकी निशिमुरा यांच्या हवाली केले, म्हणजे त्याच निनावी परंपरेतील माणसाच्या. बारा वर्षांत जे उमगले होते, त्यातले काही तरी त्या हस्तांतरात अट म्हणून उतरलेले दिसायला हवे होते. मला ते दिसत नाही, आणि याची सल मला लेख लिहितानाही होती.

२०१४ वरील भाग मी नव्याने लिहीत आहे. तो मूळ लेखात जोडल्यावर आपण अवश्य वाचावा आणि जिथे पटणार नाही तिथे इतक्याच स्पष्टपणे कळवावे.